जड पॉवर सप्लाय

दोन हजार चार-पाचच्या सुमारास हिंगोलीत कॉम्प्युटर विकणाऱ्याला त्यातलं ओ की ठो कळत नसे. मला मात्र सगळं कळायचं. मला प्रोसेसर कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा होता आणि त्यासाठी पॉवर सप्लाय दणकट लागतो. दुकानदार आपला कॅबिनेटचे निळे दिवे दाखवत बसला. "लायटिंग बघा साहेब, लायटिंग!" मी ढुंकूनही पाहिलं नाही. खोक्यावर छापलेल्या वॉटवर गाढवं विश्वास ठेवतात. जाणकार माणूस वजन बघतो, कारण चांगल्या मालात तांबं जास्त असतं. मी दोन पॉवर सप्लाय दोन हातांत तोलले आणि जड होता तो घेतला.

बाळापूरला घरी येऊन प्रोसेसरचा वेग वाढवला, तसा पॉवर सप्लाय फाटकन जळला. उघडून बघतो तर आत वजन वाढवायला लोखंडाचा तुकडा स्क्रूनं आवळलेला. मी त्या दुकानदाराच्या सात पिढ्या उद्धारल्या. वडील शांतपणे म्हणाले, "काहून तापतो? आपुन कापसावर पाणी मारून बाजारात नेत न्हाई व्हय?"

पाणी मारायचा पंप दरवर्षी माझ्याच पाठीवर असायचा.