लाल खापरावरचं पाऊल

२००९ची गंमत सांगते. मंदी ऐन भरात होती आणि मी आखातात, उम्म अल कुवैनजवळ एका पोर्टाकॅबिनमध्ये ब्रश घेऊन खापरं धूत बसले होते...

माझी ड्राफ्ट्समनची नोकरी केव्हाच खलास झाली होती. नवऱ्याचा पगार निम्म्यावर आला होता आणि रोल्ला भागातल्या आमच्या भाड्याच्या घरात एकच विषय... फॅमिलीला पुण्याला पाठवायचं का? मला काम मिळालं तर तिघं एकत्र, नाहीतर मी आणि लेक तिकडे, हा एकटा इकडे.

अशात कळलं की उत्खननवाल्यांना खापरांची चित्रं काढणारं कुणीतरी हवंय. तिथल्या मॅडम इटालियन, नाव सिल्व्हिया. एक दिवस ट्रायल. खापरं धुवायची, मग चित्रं काढायची. नियम एकच... ज्या पिशवीतलं खापर, ते त्याच पिशवीच्या ट्रेमध्ये. नाहीतर ते कुठे सापडलं, हेच कळणार नाही.

ट्रे सगळे जमिनीवर मांडलेले. धुताधुता एक लालचुटुक, गुळगुळीत तुकडा हाती आला. माती निघाली आणि आतून चक्क एक चिमुकलं पाऊल दिसलं!

आता लक्ष्मीचं पाऊल जमिनीवर कसं ठेवायचं? मी ओढणीने तुकडा पुसला, वरच्या फळीवर ठेवला, मनात नमस्कार केला आणि चित्रं काढायला बसले.

संध्याकाळी मॅडम ट्रेपाशी थबकल्या. "इथला लाल पीस कुठे गेला?"

मी फळीकडे बोट दाखवलं. "सॉरी मॅडम... वो लक्ष्मी का पाँव है, नीचे नहीं रख सकते." घाबरले की मला हिंदीच सुचते. म्हटलं, झालं, आता बांधा बॅगा.

मॅडमनी भिंग लावलं. पावलात इवलीशी अक्षरं होती. बाई मटकन खुर्चीत बसल्या आणि हसायलाच लागल्या. डोळ्यांत पाणी!

रोमन काळात त्यांच्याकडचे कुंभार ताटलीच्या आत आपल्या नावाचा शिक्का मारायचे, कधीकधी पावलाच्या आकाराचा. "आणि हा कुंभार अरेत्झोचा," त्या म्हणाल्या. "माय टाउन! मी तिथेच वाढले."

म्हणजे त्यांच्या गावची ताटली दोन हजार वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून इथे पोचली होती. मला उगाच आमच्या पुण्याहून आणलेल्या डब्यांची आठवण झाली.

मग हसू आवरून त्या मला चांगल्याच रागावल्या. माझी चित्रं मात्र बराच वेळ बघत राहिल्या. शेवटी तो तुकडा त्यांनी त्याच्या ट्रेमध्ये ठेवला... आणि अख्खा ट्रे उचलून टेबलावर ठेवला. "संडेला लवकर ये," एवढंच म्हणाल्या.

बाहेर येऊन घरी फोन लावला. लेक किंचाळली, "रिअली? वुई आर स्टेइंग?" मागून नवऱ्याचा आवाज, "यल्ला, चला, आज बाहेर जेवू!"

त्या कुंभाराने आपलं नाव उमटवलं, तेव्हा आमच्या घराचा विचार त्याच्या मनात असायचं काही कारणच नव्हतं. तरी आम्ही तिघं एकत्र राहिलो, त्यात त्याचाही हात आहे... बाबा रे, मनापासून थँक्यू.