राहूच्या विहिरींची वेबसाइट

इंटरनेटची जेवढी काळजी आमच्या शेजारच्या मामांनी वाहिली, तेवढी ते काढणाऱ्यांनीही वाहिली नसेल. मामा कुरकुंभच्या एका कंपनीत बॉयलरवर होते. आठ तास काटा बघायची सवय. काटा स्थिर असला की यांना जास्त धास्ती. सन दोन हजारच्या सुमारास त्यांनी दौंडच्या सायबर कॅफेत बसून स्वतःची वेबसाइट काढली. म्हणजे काढली मी. आमच्या घरातला पहिला बी.एस्सी. मी, आणि मला कॉम्प्युटर येतो हे मी सगळ्या आळीला सांगून ठेवलं होतं.

वेबसाइट होती राहूच्या विहिरींची. राहू मामांचं गाव. जुन्या विहिरी एकेक करून बुजत चालल्या होत्या आणि पुढं नावंही उरायची नाहीत, हा मामांना घोर. म्हणून प्रत्येक विहिरीचा फोटो, ती किती परस खोल, कोण तिच्यात पोहायला शिकलं, कुणाचा तांब्या अजून तळाशी आहे, सगळं होतं. तेव्हा मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसत. मामांनी मग सगळं हातानं लिहून स्कॅन करून घातलं. जांभळ्या पानावर पिवळं नाव उघडझाप करी आणि वरून झेंडूची फुलं पडत.

"मामा, झेंडू कशाला?"

"पाव्हणं येणार, आन् दाराला तोरण नगं व्हय?"

किती पाहुणे आले ते सांगणारा आकडा पानाच्या तळाशी होता. पहिली पाळी सुटली की मामा तडक कॅफेत. आकडा हलला नाही तर काळजी, हलला तर दुप्पट. "एक माणूस वाढलंय रं! कोण आलं, आन् बिनचहाचं कसं गेलं?" शेवटी घराचा पत्ता टाकून खाली लिहायला लावलं, 'चहा घेतल्याशिवाय जाऊ नये.' तेव्हापासून दारात अनोळखी माणूस दिसला की मामी विचारत, "तुमी इंटरनेटवरचं का?" नवा गॅसवाला एकदा दोन कप पिऊन गेला.

मग वेबसाइटला फुकट जागा देणाऱ्या कंपनीचा निरोप आला: महिनाअखेरीला सगळी पानं पुसणार. मामांचा चेहराच उतरला, कारण मूळ कागद आणि फोटो 'आता वर चढलंय की' म्हणून त्यांनी स्वतःच बंबात घातले होते.

"समदं उतरवून घे बाबा. हे बी बुजलं तर मी दावू काय?"

"दोन मिनिटांचं काम आहे, मामा," मी म्हणालो. पडद्यावरचं वेबसाइटचं चिन्ह ओढून फ्लॉपीत टाकलं आणि फ्लॉपी त्यांच्या हातात दिली. मामांनी ती पितळी डब्यात ठेवली.

नोकरीला लागल्यावर मला कळलं, चिन्हाच्या कोपऱ्यात बारका बाण असला की ती फाईल नसते, नुसता तिचा पत्ता असतो. त्या चिन्हावर बाण होता. मी घराची पाटी उचलून आणली होती, घर तिथंच राहिलं होतं. एवढे फोटो एका फ्लॉपीत मावले कसे, हे बी.एस्सी.ला तेव्हाच खटकायला हवं होतं. तोवर कॅफेही बंद झाला होता.

मामांना मी हे सांगितलेलं नाही. ते दर दिवाळीला म्हणतात, "फ्लॉपी वाचायचं मशीन बघ की कुठं." मी बघतो म्हणतो, आणि ते कुठं मिळू नये म्हणून माझा जीव टांगणीला.

गेल्या दिवाळीत वही घेऊनच गेलो. म्हटलं, "मामा, विहिरी पहिल्यापासून सांगा. माझ्या पोराला शाळेसाठी लिहून द्यायच्यात." मामा खुशीत सांगू लागले. चौथ्या विहिरीपाशी अडखळले. बोटांवर विहिरी पुन्हा मोजून पाहिल्या, मग माझ्या हातावर हात ठेवून हसले.

"ऱ्हाऊ दे. फ्लॉपीत हाय ते समदं."