धुतलेला डॉलर

जुनं नाणं धुऊन चकचकीत करणाऱ्याला हार्लन ड्रूरी ज्या शिव्या घालायचा, त्या चारचौघांत सांगण्यासारख्या नाहीत. "अरे, शंभर वर्षं लागली ती कातडी चढायला! आजीचं तोंड घासणीनं घासशील का रे?" असं खेकसला की समोरचा नाणं मुकाट खिशात घालायचा. आता अशा माणसाच्या पदरात काय पडावं, बघा.

ओहायोतल्या त्या लहानशा गावात, चर्चच्या तळघरात, महिन्यातून एका मंगळवारी नाणेवाले जमत. कॉफी, रुबार्बच्या आंबट देठांची गोड पेस्ट्री, आणि मधोमध दिवा. नाणं टेबलाभोवती फिरायचं आणि प्रत्येकानं त्याची प्रत, एक ते सत्तरमधला आकडा, मोठ्यानं सांगायची. सत्तर म्हणजे टांकसाळीतून आत्ता पडावं असं निर्दोष. सगळ्यात नवख्यानं आधी बोलायचं, सगळ्यात जुन्यानं शेवटी. बड्यांच्या तोंडाकडे बघून कुणी आकडा फेकू नये म्हणून ही रीत. शेवटचा आकडा हार्लनचा. तो पडला की विषय संपला.

मग त्याला मोतीबिंदू झाला. कबूल करील तर शपथ! जाड भिंग आणलं, दिवा वाढवला, खापर बल्बवर फोडलं. त्याच दिवसांत ऑर्विल स्टाउट, त्याचा शाळेपासूनचा मित्र, कार्सन सिटीच्या टांकसाळीतला अठराशे एकोणनव्वदचा दुर्मिळ चांदीचा डॉलर घेऊन आला. हार्लनच्या मालिकेत तेवढीच एक जागा रिकामी होती. जन्मभर त्या जागेसाठी तो झुरला होता.

"तुझ्यासाठीच शोधून आणलाय, लेका," ऑर्विल म्हणाला. बदल्यात हार्लननं वडिलांनी जमवलेली अर्ध्या डॉलरची सगळी नाणी दिली, हसत हसत दिली. बैठकीत डॉलर फिरला. "चौसष्ट." "चौसष्ट." सगळीकडून चौसष्ट. हार्लनला जुन्या चांदीवर चढतो तसा कडेचा निळा-जांभळा रंग तेवढा अंधुक दिसला. त्यानंही चौसष्टच म्हटलं, आणि भर सभेत त्याचे डोळे भरून आले.

यंदा लेकीनं हट्टानं शस्त्रक्रिया करवली. पट्टी निघाली आणि हार्लननं स्वयंपाकघरातल्या उजेडात पहिला तोच डॉलर काढला.

नाण्यावरच्या बाईच्या गालावर बारीक ओरखडेच ओरखडे. घासून पुसलेला! आणि वर तो निळा रंग, ओरखड्यांच्या आतसुद्धा उतरलेला. खरा रंग असा चढत नाही. उकडलेल्या अंड्याबरोबर नाणं डबीत कोंडलं की असा चढतो, हे हार्लननंच सगळ्यांना शिकवलं होतं. आधी त्याला नव्या डोळ्याचीच शंका आली. दुसरी नाणी काढून बघितली, ती जशीच्या तशी होती. ऑर्विलनं फसवलं, ठीक. पण बाकीच्यांना तर डोळे होते!

पुढच्या बैठकीच्या मंगळवारी तो तळघरात गेला. "अजून धूसरच आहे," म्हणाला, आणि डॉलर पुढे केला. "म्हाताऱ्याची हौस. एकदा फिरवा बघू."

आधी डेल्फीन. शाळेची बस चालवणारी, हार्लननंच भिंग धरायला शिकवलेली. तिनं भिंग उचललंच नाही. "चौसष्ट," ती कॉफीकडे बघत म्हणाली. मग पुढचा, त्याच्या पुढचा. ऑर्विल तर ठासून, "पक्के चौसष्ट."

"धुतलाय," हार्लन म्हणाला. "धुऊन रंगवलाय. अंडं कुणाच्या घरचं होतं, ऑर्विल?"

ऑर्विलचे कान लाल झाले. "अरे, तुझा जीव अडकला होता त्या डॉलरात. न धुतलेला आपल्याला कुठला मिळणार? आणि तुला दिसत तर नव्हतंच! तू सुखी होतास की नाही?"

"दया केलीस होय? मग माझ्या बापाची नाणी कशाला लाटलीस रे, चोरा?"

हार्लन डेल्फीनकडे वळला. "आणि तू, पोरी? मी बाकीच्या नाण्यांना जे आकडे देत होतो, ते तरी खरे धरत होतात?"

डेल्फीन रडायलाच लागली. "तू चुकायला लागला होतास, हार्लन. तुझ्या तोंडावर कुणाला सांगवेना. इथं तू शेवटी म्हणशील त्याला आम्ही हो म्हणायचो, आणि खरा आकडा मग... दुसऱ्या दिवशी, ऑर्विलकडे जमून ठरवायचो."

"सगळे?"

"सगळे."

हार्लननं कोट चढवला. बटणं नीट लागेनात, तशीच सोडली. दारापाशी थांबून त्यानं एकेकाचं तोंड बघितलं. किती स्वच्छ दिसत होतं सगळं.

"उद्यासुद्धा जमणार होतात?" त्यानं विचारलं.

डेल्फीननं डोळे पुसत होकाराची मान हलवली.