शैलाताईंचा आवाजाचा हंटर

ऑफिसात कुणी किती काम केलं हे लक्षात राहत नाही, पण कोण कुठे कसा घसरला हे सगळ्यांना पाठ असतं. आमच्या उद्यमनगरातल्या पंपांच्या कंपनीत डबे उघडले की आधी लोणचं फिरतं आणि मग किस्से. सांगणारा दर वेळी थोडं मीठमसाला वाढवतोच. यंदाचा सगळा मसाला मात्र शैलाताईंच्या हंटरचा!

शैलाताई आमच्या बिलिंगच्या. मूळच्या नेसरीच्या. आवाज इतका हळू की फोनवर पार्टीला वाटतं, लाईनच कट झाली. मार्चमध्ये रिटायर होणार. यंदाच्या गॅदरिंगला फॅन्सी ड्रेस ठेवला होता, विषय 'पिक्चरमधलं पात्र'. नावं मागितली तर पहिला हात शैलाताईंचा!

लहानपणी यात्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये त्यांनी एक पिक्चर बघितला होता. त्याचं नाव आठवत नाही, गोष्टही आठवत नाही. एवढंच आठवतं की एक बाई हंटर फिरवत घोड्यावरून येते आणि सगळे गडी गप्प होतात.

"मला ती व्हायचंय," त्या म्हणाल्या. "एकदाच. जायच्या आधी."

यावर हसायची कुणाची छाती झाली नाही. आम्ही हंटर शोधायला लागलो. बजेट पाचशेच्या आत.

*

डिस्पॅचचा भरत चंदगडचा. त्याचा सगळा भरवसा मोबाईलवर. अस्सल चामड्याचा परदेशी हंटर त्यानं शोधून काढला, किंमत वाचली आणि मोबाईल टेबलावर पालथा ठेवला.

"ताई, एवढ्यात शेळी येतीय की. ती बी गाभण."

मग त्यानं नुसतं 'व्हिप' टाकून सगळ्यात स्वस्त काय ते बघितलं आणि फोटो न उघडताच ऑर्डर मारली. पार्सल आलं, ते थंडगार. आत केकवर लावायचं व्हिपिंग क्रीम! नाशवंत माल परत घेत नाहीत म्हणे. दोन दिवस आम्ही सगळ्यांनी ते पावाला लावून खाल्लं. शैलाताईंनीही खाल्लं, पण तोंड पाडून.

*

कोल्हापुरात राहून चामड्याची वस्तू मोबाईलवर शोधता, म्हणून शैलाताईंनी आम्हाला झापलं आणि चप्पल लाईनला नेलं. दुकानदारानं सवयीनं पायाचं माप विचारलं. ताई म्हणाल्या, सहा फूट.

त्यानं आधी ताईंच्या पायांकडे बघितलं, मग माझ्या. सगळं समजावून सांगितल्यावर गडी खुलला. उरलेल्या चामड्याच्या पट्ट्यांची वेणी घालून बजेटमध्ये बसवतो म्हणाला. निघताना ताईंनी बजावलं, "आवाजाचा पाहिजे हं. आवाज आला नाही तर उपयोग नाही."

"ते सांगायला पायजे व्हय? कोल्हापूर हाय ह्ये."

हंटर आला तो देखणा. ताईंनी मूठ धरली, हात फिरवला. कर्र! पुन्हा फिरवला. कर्र, कर्र! आमच्याकडे आवाजाची चप्पल म्हणजे चालताना करकरणारी. त्यासाठी तळव्यात जे घालतात, ते त्यानं हंटरच्या मुठीत घातलं होतं. आम्ही तक्रार घेऊन गेलो तर त्यालाच वाईट वाटलं. एवढा खणखणीत आवाज त्यानं स्वतःच्या जावयाच्या चपलेलाही दिला नव्हता म्हणे.

*

खरा चाबूक कसा वाजवतात ते बघायला मी आणि भरत कसबा बावड्याला गेलो. तिथं माझ्या मेव्हण्याच्या ओळखीचे एक आण्णा आहेत, शर्यतीचे बैल पाळतात. आम्ही ऑफिसातून थेट गेलो, गळ्यात कंपनीची ओळखपत्रं तशीच. शर्यतीत चाबकाला कायद्यानं बंदी आहे, हे तेव्हा आमच्या डोक्यातही नव्हतं. त्यांच्या डोक्यात मात्र पक्कं होतं.

"चाबूक? त्यो काय असतोय पावणं?" आण्णा म्हणाले. "आमचा बैल शब्दावर पळतोय."

आम्हाला दूध पाजलं. बैल बाहेर काढून दाखवला आणि आमच्यासमोर त्याला लाडानं पळायला सांगितलं. बैलानं शेपटीनं माशी हाकलली, बाकी काही केलं नाही. आता पळवाट नाही म्हणून मी गळ्यातलं कार्ड खिशात घातलं आणि खरं सांगितलं, की चाबूक आमच्या ऑफिसातल्या बाईंना पाहिजे.

आण्णा आणखी घाबरले. "म्हंजे मोठ्या सायबीण हाईत व्हय?"

*

शेवटी आहे त्या हंटरवरच सराव करायचं ठरलं. जागा कंपनीच्या मागचं पार्किंग. पहिल्या दिवशी टोक भरतच्या गाडीच्या आरशाला गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या ट्रेवर पडलं आणि त्या दिवशी कुणाला चहा मिळाला नाही. आवाज रोज एकच, कर्र.

आणि एका दुपारी, कर्र झालं आणि त्यामागून फट्ट! शेडवरची सगळी कबुतरं उडाली. भरत पळत आला आणि कसं जमलं म्हणून विचारायला लागला.

"काही नाही रे," ताई हंटर गुंडाळत म्हणाल्या. "सकाळी साहेबांनी माझं नाव कापलं."

या वयात स्टेजवर हंटर बरा दिसत नाही, असं मॅनेजरसाहेबांचं म्हणणं. शैलाबाईंनी आपलं पाहुण्यांना गुच्छ द्यायचं काम करावं. ऐकून माझं डोकं फिरलं. आम्ही दोघं जाऊन बोलतो म्हणालो, तर ताईंनी आम्हाला जागच्या जागी थांबवलं.

*

साहेबांच्या केबिनमध्ये टेबलापुढे दोन खुर्च्या आहेत, पण त्या बाहेरच्या पार्ट्यांसाठी. स्टाफनं उभ्यानं बोलायचं आणि निघायचं. शैलाताईंची इतकी वर्षं नोकरी झाली, त्यांचंही तेच.

त्या दिवशी जेवणानंतर ताईंनी पदर खोचला, हंटर घेतला, दारावर टकटक केलं आणि आत गेल्या. दार लागलं. बिलिंगच्या सगळ्या टेबलांवर हात थांबले होते.

बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. ताईंचा आवाज तर तसाही ऐकू येत नाही. मग कर्र झालं.

आणि फट्ट!

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. पेनस्टँड असावा. मग बेल वाजली. शिपाई आत जाऊन आला आणि चहा आणायला गेला. दोन कप.

पंधरा-वीस मिनिटांनी ताई बाहेर आल्या. पदरानं ओठ टिपले, हंटर ड्रॉवरमध्ये ठेवला आणि बिलं पुढे ओढली. भरतला कुठला धीर!

"ताई, काय म्हणालं साहेब?"

"गॅदरिंगला हो म्हणाले," शैलाताई म्हणाल्या. "पण त्याच्या आधी 'बसा' म्हणाले."