मागं जनावर हाय

"सूनबाई, मागं जनावर हाय," असं सासऱ्यांनी दिवेलागणीला सांगितलं आणि मी साप समजले. पुढचा सगळा घोळ तिथून सुरू झाला.

माझ्या माहेरी जनावर म्हणजे सापच. दिवा लागल्यावर त्याचं नाव घेत नाहीत, म्हणून जनावर म्हणायचं, नाहीतर लांबडं. मी कुकरपाशी उभी होते. तिथूनच विचारलं, "मोठं आहे का, मामा?" सासऱ्यांना मी मामा म्हणते.

"लई मोठं न्हाय. हौदावर पाणी पिऊन गेलं."

साप हौदावर चढून पाणी कसा पिईल, हे तेव्हाच मनात यायला हवं होतं. पण माझी यादी सुरू झाली होती. नवरा नोकरीला उमरग्याला, शनिवारी येतो. मी रोज एसटीनं कळंबला शाळेच्या ऑफिसात जाते. अशा घरात कामं लिहून ठेवली नाहीत तर ती होत नाहीत. रात्रीतून फ्रीजवर कागद चिकटवला: सरपण हलवणे, मोरीच्या पाइपला जाळी, बिळं बुजवणे, गवत काढणे, कुंपण काढणे.

घाई मामांसाठी होती. उन्हाळा लागला की त्यांची बाज परसात पडते, ती पावसापर्यंत आत येत नाही. आत गुदमरतं म्हणतात. आमचं घर येरमाळ्याच्या अलीकडं, गावाच्या अगदी कडेला. परसाला लागून दोन वावरं आणि त्यापुढं डोंगराची उतरण. अशा जागी सत्तरी ओलांडलेला माणूस उघड्यावर झोपणार आणि बाजेखालून साप फिरणार. मला ऑफिसात बसवेना.

रविवारी दोन गडी लावले. परसाच्या कडेला बाभळीच्या काट्यांचं जुनं कुंपण होतं, आत पालापाचोळा साचलेला. सापाला याहून चांगली जागा कुठली? मामा बाजेवर बसून बघत होते.

"कुंपण कशाला काढायलीस?"

"त्यात जनावर लपतं, मामा."

"कुंपणात?" ते हसले. "ते काय चिमणी हाय व्हय?"

माझ्या प्रत्येक कामाला ते काहीतरी बोलतातच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. गड्यांनी काट्या पेटवून दिल्या. जमीन सारखी करून मी पाणी मारलं, आणि धूळ बसावी म्हणून पुढंही रोज संध्याकाळी मारत राहिले. परस असं लख्ख झालं की दाराशी उभं राहिलं तर थेट डोंगर दिसावा. कागदावरची सगळी कामं खोडली गेली.

दोन-तीन दिवसांनी सकाळी चूळ भरायला मागं गेले तर ओल्या मातीत ठसे होते. गोल, माझ्या तळहाताएवढे. जिथं कुंपण होतं तिथून सरळ आत आलेले, बाज आणि हौद यांच्या मधून गेलेले आणि तसेच परत फिरलेले. मामा बाजेवर बसून दात घासत होते.

"मामा, हे काय आहे?"

"सांगितलं की तुला. जनावर."

"म्हणजे साप नाही?"

"सापाला पाय असत्यात का?"

"मग तेव्हाच नाव घेऊन का सांगितलं नाही?"

"दिवा लागला होता." त्यांनी खळखळून चूळ टाकली. "आता सांगतो. लांडगा हाय. हौदाच्या आडून पाठ दिसली त्याची. म्या मेंढरं राखलीत, लांडग्याला काय भ्यायचं? माणसाच्या वाटंला जात न्हाय ते."

मी रजा टाकली आणि वन खात्यात फोन केला. दुपारी दोघं जण आले. एकानं ठशाशेजारी पेन ठेवून फोटो काढले आणि म्हणाला, "लांडग्याची नखं उमटतात. इथं नखं नाहीत. बिबट्या आहे." गल्लीतलं तांबडं कुत्रं परवापासून दिसत नव्हतं, ते मला तेव्हा आठवलं.

म्हणजे मी सापासाठी कुंपण काढलं, मामा लांडगा समजून निवांत झोपले आणि बिबट्या आम्हा दोघांच्या समजुतीतून वाट काढून पाणी पिऊन गेला.

हौद झाका, कुणी बाहेर झोपू नका, असं सांगून ते गेले. हौदावर मी लगेच पत्रा टाकला. दुसरं जमेना. मामा म्हणाले, "त्याला काय करायचं असतं तर तवाच केलं असतं." शेवटी नवऱ्यानं फोनवर दम दिला तेव्हा बाज आत आली. पंख्याखाली ते कूस बदलत राहायचे, खोकायचे, आणि पलीकडच्या खोलीत मी ते ऐकत पडलेली. सकाळी दोघांचेही डोळे लाल.

कुंपण परत घालायला गडी येईनात. बिबट्याची बातमी गावभर झाली होती. मी रोज संध्याकाळी परस झाडायचे, पाणी मारायचे आणि सकाळी माती वाचायचे. मुंगसाची बारीक पावलं, मोराची तीन बोटं, मांजर. ऑफिसात हजेरीपट भरतानाही डोळ्यांपुढं तीच माती यायची.

एका सकाळी मातीत चपलांचे ठसे दिसले. मागच्या दारापासून निघून परसातल्या चिंचेखाली गेलेले, परत आलेले नव्हते. चिंचेखाली बाज होती. एवढी जड बाज त्यांनी आवाज न करता कशी नेली कोण जाणे. डोक्यावरून वाकळ घेतलेली. मी आधी ती वाकळ वरखाली होते का ते बघितलं, मगच पुढं पाऊल टाकलं.

"लई दिसांनी झोप लागली," वाकळीतून आवाज आला.

मी भांडले नाही. त्या दिवशी हायवेवरच्या वेल्डिंगवाल्याला घेऊन आले आणि बाजेभोवती माप टाकलं. चारी बाजूंनी जाळी, आतून कडी लागणारं दार, वरून जाळीचं झाकण.

मामा काठी टेकून सगळं बघत होते. "जनावर मोकळं फिरायलंय आन् पिंजऱ्यात मला घालतीस व्हय?"

वेल्डिंगवाला हसू दाबत खाली बघायला लागला. मी म्हटलं, "तुम्ही आत या, मग जाळी लागणार नाही."

"जाळी लाव. पण वरून काय बी नको. तोंडावर जाळी घेऊन मी झोपणार न्हाय. चांदण्या दिसल्या पाहिजेत."

बिबट्या झाडावर चढतो, जाळी त्याला काय जड जाणार, हे मी परोपरीनं सांगितलं. ते ऐकेनात. वरची चौकट तयार होती, ती भिंतीला टेकवून ठेवली. मी कागदावर 'झाकण' लिहिलं आणि ते तसंच राहिलं. रोज येताजाता ती चौकट दिसायची.

परवा सकाळी मागचं दार उघडलं. कडेनं पुन्हा ते गोल ठसे आले होते. हौदाशी माती जास्त तुडवलेली, पत्र्याभोवती पुन्हा पुन्हा. तिथून ठसे जाळीकडं वळले आणि जाळीला कडेकडेनं पूर्ण वेढा घालून वावरात उतरले. एका कोपऱ्यावर मागचे दोन पाय खोल रुतले होते. वर, माझ्या खांद्याच्या उंचीला, जाळीला चिखल लागलेला.

मामा आत बाजेवर बसले होते, पाय वर घेऊन, वाकळ खांद्याभोवती. कडी लावलेलीच होती. मी दाराशी गेले तरी त्यांनी ती काढली नाही.

"बघितलं का त्याला?" मी विचारलं.

त्यांनी होकारार्थी मान हलवली. ऊन डोंगरावरून खाली आलं होतं, आता नाव घ्यायला हरकत नव्हती. पण त्यांनी घेतलं नाही. भिंतीकडं बघत म्हणाले, "त्या वेल्डिंगवाल्याला बोलव. वरचं बी बसवून घे."

मी चहा टाकायच्या आधी फोन लावला.