ड्रमर म्हातारा झाल्याचं मला कुणी सांगितलं नाही

“भूकंपात टिकली ना ही बिल्डिंग? मग आमच्या गाण्याने काय होणार आहे?”

नेव्हिलचा हा प्रश्न मी कितव्यांदा ऐकत होते, देव जाणे. नेव्हिल हा एका ब्रिटिश पंक बँडचा मॅनेजर. बँड एके काळी गाजलेला, आता सगळे साठीच्या पुढचे. क्राइस्टचर्चमधल्या एका जुन्या हॉलमध्ये दोन संध्याकाळी कार्यक्रम करून त्यांना लाइव्ह अल्बम रेकॉर्ड करायचा होता. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. इमारत सुरक्षित आहे असं लिहून खाली सही करायची, हे माझं काम.

भूकंप जमीन हलवतो, पब्लिक फ्लोअर हलवतं. दोन्ही वेगळी दुखणी. हॉल पहिल्या मजल्यावर, फ्लोअर लाकडी, खाली गालिच्यांचं दुकान. प्रत्येक फ्लोअरची स्वतःची एक लय असते, झोपाळ्यासारखी. नेमक्या वेळी धक्का दिला तर लहान पोरही झोका उंच नेतं. पंकच्या गाण्यावर लोक जागच्या जागी उड्या मारतात, त्याही सगळे एकदम. त्यांची लय आणि फ्लोअरची लय जुळली की संपलं.

खालून टेकू लावू या म्हटलं, तर दुकानदार जागा रिकामी करून देईना. मग मी नेव्हिलकडून गाण्यांचे स्पीड मागवले. सगळी गाणी फ्लोअरच्या लयीपेक्षा बरीच जलद निघाली. इतक्या जलद उड्या लोकांना एकत्र मारताच येत नाहीत. तरी मी अट घातली: तिकिटं कमी विका, मी फ्लोअरला कंपनं मोजायचा मीटर लावून बसणार, आणि मी हात वर केला की गाणं थांबलं पाहिजे.

“स्वीट ॲज, मेधा,” माझा बॉस क्रेग म्हणाला, म्हणजे इथल्या भाषेत ‘झकास’. त्याला काय, सही माझी होती.

पहिल्या संध्याकाळी त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं सुरू झालं आणि मीटर चढायला लागला. गाणं चक्क संथ चाललं होतं! पब्लिक आरामात, एका तालात उडत होतं. मी हात वर केला. नेव्हिलने बघून पाठ फिरवली. मी तडक स्टेजवर गेले आणि गायकाच्या हातातला माइक ओढून घेतला.

“स्टॉप जम्पिंग! ऑल ऑफ यू! धिस इज अ फ्लोअर, नॉट अ ट्रॅम्पोलिन!”

गाणं बंद पडलं. लोकांनी माझी यथेच्छ हुर्यो उडवली.

“तू माझा अल्बम बुडवलास,” नेव्हिल मागच्या खोलीत ओरडला.

“मला पाठवलेले स्पीड कुठले होते?”

“रेकॉर्डवरचे.”

“कुठल्या रेकॉर्डवरचे?”

“पहिल्या,” तो पुटपुटला. म्हणजे मी बालवाडीत होते तेव्हाचे.

कोपऱ्यात ड्रमर खांद्यावर बर्फाची पिशवी धरून बसला होता. “खांदा गेलाय माझा,” तो म्हणाला. “ते गाणं आम्ही कितीतरी वर्षं संथच वाजवतो.”

माझं डोकंच फिरलं. वय लपवायचं तर पेपरवाल्यांपासून लपवा, इंजिनिअरपासून कसलं लपवता?

“उद्या हे गाणं होणार नाही,” मी सांगून टाकलं.

“त्या गाण्याशिवाय अल्बम कोण घेईल?” नेव्हिलचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

ड्रमरने विचारलं, “जुन्या स्पीडने वाजवलं तर?”

“तर चालेल. पण मध्येच हळू झालात तर मी पुन्हा वर येईन.”

“आणि मी मेलो तर?”

“ते स्ट्रक्चरलमध्ये येत नाही.”

दुसऱ्या संध्याकाळी त्याने खरोखरच जुन्या स्पीडने वाजवलं. पब्लिकही पन्नाशी उलटलेलं. त्यांनी दोन-चार उड्या मारून पाहिल्या, धापा टाकल्या आणि उभ्या उभ्या बेंबीच्या देठापासून गायला लागले. मीटर गप्प. शेवटच्या ठोक्याला ड्रमरच्या हातातून काठी गळून पडली. तोंड लालबुंद, पण हसत होता. मला त्याचं मनापासून कौतुक वाटलं. नेव्हिलचं नाही.

अल्बम आला. तरुणपणीचा आवेश परत आला, असं परीक्षणांत छापून आलं. आवेश कसला, हळू वाजवणं फ्लोअरला परवडत नव्हतं!

आणि ते गाणं सुरू होण्याआधी एक बाई अस्सल पुणेरी उच्चारात पब्लिकला झापताना ऐकू येते. नेव्हिलने मला न विचारता घातलं. माझ्या लेकीने त्याची रिंगटोन केली आहे. “आई, यू साउंड हीप्स स्केरी,” म्हणते, म्हणजे जाम भीतिदायक.

तेव्हापासून क्लायंटने आकडे दिले की ते कुठल्या सालचे, हे मी आधी विचारते. आणि माइक हातात घेण्यापूर्वी तो कशाला जोडलाय, हेही.