रंगाखालची गनबोट

आमचे हे नौदलाच्या गनबोटीवर रंगारी. बोट एवढीशी, एक तोफ आणि दाटीवाटीनं माणसं. पण यांचा तोरा असा, की अख्खं आरमार यांच्याच ब्रशवर तरंगतंय. मी म्हणायची, "घरच्या भिंतीचे पोपडे सुटलेत, ते बघा आधी." ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

बोटीची सगळी नोकरी यांना रंगांनी पाठ. लढाईत गडद राखाडी. तोफ डागली ती तेवढीच. पुरात माणसं काढायला पांढरा. मग तस्करांच्या मागे, पुन्हा राखाडी. म्हातारपणी नवशिक्यांना शिकवायला, तेव्हा फिका निळा. नियमानं आधी गंज खरवडायचा, मग रंग. पण साहेबांची तपासणी तोंडावर आली की खरवडायला सवड कुठली? वरून हात मारायचा आणि चकाचक. हे हसत सांगायचे, मीही हसायची.

बोट मोडीत निघाली. निरोप द्यायला आम्ही दोघं भंगाराच्या धक्क्यावर गेलो. कामगारानं बुडाजवळचा पत्रा कापून यांच्या हातात दिला, "घ्या काका, आठवण." यांनी जरा दाबला तर तुकडाच पडला. कडेला राखाडी, पांढरा, राखाडी, निळा असे थर, आणि लोखंडाच्या जागी नुसती तांबडी भुकटी.

"धाकटीही मीच रंगवलीय," हे म्हणाले. धाकटी म्हणजे हिच्या जोडीची, अजून नोकरीत असलेली गनबोट. आमचा मुलगा तिच्या इंजिनावर. वादळाचा इशारा होता, तरी सकाळीच ती समुद्रात गेली होती.

यांनी तिथूनच गोदीत फोन लावला. साहेब म्हणाले, "ती तपासणीत पास झालीय."

"पास मी केलीय, साहेब. आत गंज तसाच ठेवून वरून रंग दिला. तिला परत बोलवा, मग मला खुशाल हाकला."

परत आली बाई एकदाची. धक्क्याला लागल्यावर यांनी स्वतः हातोडा घेतला. बोटीत खाली, मुलाच्या बिछान्यामागच्या गुळगुळीत रंगावर एक ठोका मारला. हातोडा आरपार गेला आणि भोकातून पाणी दिसलं.

"बाबा, माझी उशी इथेच असते," एवढंच मुलगा म्हणाला.

यांनी हातोडा खाली ठेवला. मी त्या एवढ्या थोरल्या मुलाचा हात धरला, तो घरी येईपर्यंत सोडला नाही.